एका पाटीवरचे दोन हात

निकाल सकाळी दहाला लागला. दहा वाजून दोन मिनिटांनी शर्वरी लोहारने पाटी टेबलावर उपडी ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "चोपन्न."

विट्यातल्या त्या घरातून वडील, तानाजी लोहार, वर्कशॉपला निघाले होते. ते दारातच थांबले. आई पौर्णिमा दूध संकलन केंद्रावरून नुकतीच परतली होती. तिच्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"शंभरात?" वडिलांनी विचारलं.

"शंभरात. कॉम्प्युटरला नव्वदच्या आसपास लागतात."

"अगं, पण बारावीला गणितात चौऱ्याण्णव पडलेत तुला."

"ते आता कोण बघतंय, बाबा."

खरंच कोणी बघत नव्हतं. प्रवेश परीक्षा बंद होऊन सहा वर्षं झाली होती. फुटणारे पेपर, ऐन दिवशी येणारा ताप, तीन तासांत ठरणारं आयुष्य, या सगळ्यावर उपाय म्हणून राज्याने प्रतिमान पद्धत आणली होती. अकरावीला प्रत्येकाला एक सपाट, काळी अभ्यासपाटी मिळे आणि दोन वर्षं सगळा अभ्यास तिच्यावरच करायचा असे. मूल कोणत्या गणितापाशी किती सेकंद अडखळलं, कोणती पायरी लिहून खोडली, काल चुकलेलं आज जमलं का, हे सगळं पाटी टिपून घेई. हवेच्या नोंदींवरून हवामान खातं उद्याच्या हवेचं प्रतिमान बांधतं, तसं या नोंदींवरून त्या मुलाच्या आकलनाचं एक गणिती प्रतिमान बांधलं जाई. जून महिन्यात त्या प्रतिमानाला एक लाख प्रश्न विचारत. त्याला ताप येत नसे, घाम फुटत नसे. त्याचे गुण तेच मुलाचे गुण. ही पद्धत जुन्यापेक्षा न्यायाची आहे, हे तिच्या विरोधकांनीही मान्य केलं होतं.

तानाजीने चपला काढल्या आणि लेकीशेजारी येऊन बसला. तो रागावला नव्हता, आणि तेच शर्वरीला जास्त लागलं.

"हे बघ शरू, पाटीला तुझ्याशी काय वैर असणार? माझं मशिन दाखवतं तेवढंच माप असतं, माझ्या मनात काही असलं तरी. इथेच बी.एस्सी. कर. नाहीतर माझ्याबरोबर वर्कशॉपला ये. मशिनचे प्रोग्रॅम माझ्यापेक्षा तुलाच चांगले जमतात."

"मला कॉम्प्युटरलाच जायचंय. आणि मला काय येतं ते मला माहिती आहे. चोपन्न येणारी मी नव्हे."

तिने त्याच दिवशी तपशील अहवालासाठी अर्ज केला. असा अहवाल मागता येतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसे. तीन दिवसांनी चाळीस पानं आली. तिने ती हॉलच्या फरशीवर ओळीने पसरली. शेवटच्या पानावर शेरा होता: 'आकलन अस्थिर. एकच संकल्पना वारंवार आत्मसात होते व वारंवार हरवते.'

तानाजी एरवी डबा नेई; त्या दुपारी तो घरी जेवायला आला तेव्हा ती त्या पानांच्या मध्ये मांडी घालून बसली होती. आलेख करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत होता. तो वाकून बघत राहिला.

"हे काय आहे?"

"माझा मेंदू," ती म्हणाली.

"हा एका हाताचा जॉब नाही."

"म्हणजे?"

"पाळी बदलून दुसरा कामगार आला की आमच्याकडे कातलेल्या शाफ्टवर कळतं. पहिल्याने टूल जसं लावलेलं असतं तसं दुसरा लावत नाही. माप दोघांचंही बरोबर येईल, पण कापाचा पोत बदलतो." त्याने बोट ठेवलं. "इथे हात बदललाय. इथे परत बदललाय. हा रोज बदलतोय बघ."

शर्वरीने आलेखाखालच्या वेळा पहिल्यांदाच नीट वाचल्या. प्रत्येक घसरण सकाळी अकरा ते दुपारी साडेतीनच्या मधली होती. त्या वेळात ती कॉलेजात किंवा सुट्टीत कॉम्प्युटरच्या क्लासला असे आणि पाटी घरी, कारण दोन्हीकडे पाटी आणायला बंदी होती. पहिल्याच वर्षी पाटी पडून तिच्या कॅमेऱ्याची काच फुटली होती. तेव्हापासून ती चेहऱ्याऐवजी चार आकडी पिनवर उघडायची. पिन घरात सगळ्यांना माहीत होता.

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. पौर्णिमा दारात येऊन उभी राहिली. हात पिठाने माखलेले.

"मीच होते ती," ती म्हणाली.

 मग ती सांगू लागली. मागच्या एप्रिलमध्ये शर्वरी एक गणित अर्धं सोडून कॉलेजला गेली होती. टाकीत पाणी भरण्याचं. दुपारी पुसायला म्हणून पाटी हातात घेतली तर ते गणित दिसलं. "वाटलं, बघू जमतंय का. जमलं. मग पाटी विचारते, पुढचं देऊ का. मी हो म्हटलं."

"आणि?"

"आणि रोजच हो म्हणत गेले."

"चौदा महिने, आई?"

"रविवार सोडून." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, सरावाचं कोण मोजतंय. वहीच्या मागच्या पानावर करतो तसंच हे. देवाशप्पथ मला माहीत नव्हतं, शरू."

"मला सांगायचं तरी!"

"काय सांगू? एक्केचाळीस वर्षांची बाई लेकीच्या पाटीवर अपूर्णांक शिकते म्हणून?"

तेव्हा शर्वरी जे बोलली त्याचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला. ती म्हणाली, "तुझा वेळ गेला आणि माझं आयुष्य गेलं."

दोन दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पौर्णिमा पहाटे केंद्रावर जाई, येऊन स्वयंपाक करी, संध्याकाळी परत केंद्रावर जाई. दुपारी ती नुसती बसून राही. पाटीकडे बघतही नसे.

शर्वरीने दोन रंगीत पेन्सिली घेतल्या आणि चाळीसही पानांवर स्वतःच्या नोंदी निळ्या केल्या, आईच्या लाल. आईच्या ओळखायला सोप्या होत्या. तिची कच्ची आकडेमोड मराठी आकड्यांत होती, तिच्या शाळेत शिकवलेल्या. सुरुवातीला तिथे नुसत्या चुका होत्या. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश, चार मिनिटं, चूक. परत, चूक. सातव्यांदा बरोबर. पावसाळ्यात समीकरणं आली, दिवाळीनंतर त्रिकोणमिती. मे महिन्यात एक प्रश्न होता बदलाच्या दराचा. शर्वरीने तो एका मिनिटात सोडवला होता, कारण सूत्र पाठ होतं. आईला सूत्र माहीत नव्हतं. तिने अंतर निम्मं केलं, परत निम्मं केलं, परत केलं, आणि आकडे कुठे जाऊन स्थिरावतात ते पाहत बसली. तीन तास दहा मिनिटं. उत्तर बरोबर.

शर्वरी लाल रेघेकडे बघत राहिली. ती निळीपेक्षा खूप खालून निघाली होती, पण चढत होती निळीपेक्षा वेगाने.

त्या संध्याकाळी ती दूध केंद्रावर गेली. पौर्णिमा रांगेतल्या प्रत्येकाच्या किटलीतून नमुना घेऊन यंत्रात घालत होती आणि फॅटचा आकडा मोठ्याने सांगत होती. शेवटचा माणूस जाईपर्यंत शर्वरी भिंतीला टेकून थांबली.

"मे महिन्यातलं ते एक गणित," ती म्हणाली. "तीन तास काय करत होतीस?"

"चुकत होते."

"मग सोडून का नाही दिलंस?"

पौर्णिमा यंत्राची नळी धूत होती. "दहावीनंतर दिलं होतं की सोडून. काय होतं ते बघून झालंय माझं."

शर्वरीने पुढे होऊन तिच्या हातातली नळी घेतली आणि स्वतः धुऊन अडकवली. "परवा कोल्हापूरला जायचंय. तुलाही यावं लागेल. आणि त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं."

कोल्हापूरच्या विभागीय प्रतिमान कक्षात तिघे गेले. फेरतपासणीचा अर्ज देणाऱ्या कारकुनाने कपाटातून फाईल काढून तिच्यावरची धूळ झटकली. अर्जात कारणाच्या दोन चौकटी होत्या: 'यंत्रदोष' आणि 'अन्य व्यक्तीचा वापर'.

कारकून भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "पहिलीवर खूण कर, बाळ. कॅमेरा फुटलाय, पुरावा आहेच तुझ्याकडे. तीन आठवडे इथे बसवतील, नवीन प्रतिमान काढतील, संपलं. दुसरीवर केलीस तर नियम चौदा लागतो. पाटी दुसऱ्याच्या हातात दिली म्हणून एक वर्ष बाद."

"पहिली," तानाजी म्हणाला.

"पहिलीच कर," पौर्णिमा म्हणाली.

शर्वरीने पेन उघडलं. "पहिली केली तर जुन्या नोंदींचं काय होतं?"

"त्या पुसतात. सदोष म्हणून."

तिने पेन खाली ठेवलं. मग वडिलांकडे वळली. "बाबा, आईला मी यंत्रातला बिघाड म्हणून लिहू?"

"तसं कोण म्हणतंय? वर्ष वाचतंय तुझं."

"मला जे शिकायचंय ते सगळं नोंदींवर उभं आहे. पहिलीच नोंद खोटी करून तिकडे जाऊ?"

"माझ्यासाठी तुझ्या वर्षाशी खेळू नकोस," पौर्णिमा जवळजवळ ओरडलीच.

"एकट्या तुझ्यासाठी नाही करत. वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी बसेन. त्याच्या पुढच्याही बसेन. पण जाणार मी तिथेच." तिने दुसऱ्या चौकटीवर खूण केली. तानाजी बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

सुनावणी डॉक्टर फरिदा मुजावर यांच्यासमोर झाली. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या या बाई प्रतिमानांच्या गणितात मुरलेल्या होत्या. त्यांनी निळी-लाल पानं एकेक करून पाहिली.

"पाटी हुशार मुलाकडे देऊन गुण वाढवणारे मी पुष्कळ पाहिलेत," त्या म्हणाल्या. "नियम चौदा त्यांच्यासाठीच केला. गुण घटवून घेणारी केस पहिलीच. पण यातली कुठली नोंद कुणाची, हे मी कशावरून मानू? वेळ हा पुरावा नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी तूही बसली असशील; मराठी आकडे तुलाही लिहिता येतात. आणि प्रतिमान एकदा बांधलं की त्यातून एक माणूस बाहेर काढता येत नाही. ते दोघींवर मिळून शिकलंय."

"मॅडम, मी बोलू का?" पौर्णिमाने विचारलं. बसल्या जागी तिने पदर नीट केला. "आमच्याकडे गाईचं आणि म्हशीचं दूध कधी एका कॅनमध्ये मिसळतं. फॅट मधलीच कुठलीतरी येते. तेव्हा आम्ही दोन्ही गोठ्यांतून चोख नमुना मागवतो. गाईची एवढी, म्हशीची एवढी, हे कळलं की कॅनमध्ये कुणाचं किती ते मांडून काढता येतं. आमचे दोघींचे चोख नमुने घेतले तर नाही का जमणार?"

डॉक्टर मुजावर यांनी चष्मा काढला. समोरच्या कागदावर त्यांनी दोन ओळींचं गणित मांडून पाहिलं.

"जमेल," त्या शेवटी म्हणाल्या. "माणूस कुठे थांबतो, काय खोडतो, चुकल्यावर आधी कुठे परत जातो, याची प्रत्येकाची एक लकब असते. अक्षरासारखी. दोघींनी माझ्यासमोर कागदावर पेपर सोडवायचा. त्यातून दोन लकबी मिळतील. त्यांच्याशी प्रत्येक नोंद ताडून वेगळी करू आणि दोन प्रतिमानं नव्याने बांधू. बोर्डाची परवानगी मी घेते. पण नमुने जुळले नाहीत तर दावा खोटा ठरेल, आणि मग एक नाही, दोन वर्षं बाद."

"दोघींनी?" पौर्णिमाने विचारलं. "मी पण पेपर द्यायचा?"

"तुमच्याशिवाय कसं होणार?"

तीन आठवडे मिळाले. पाटी कक्षात जमा झाली होती, म्हणून कागद आणि पेन्सिली आणल्या. दुपारी दोघी फरशीवर समोरासमोर बसत. दुसऱ्याला समजावताना आपल्यालाच किती कमी समजलंय हे शर्वरीला रोज कळत होतं. ती सूत्र सांगे आणि आई विचारी, "पण का?" आणि त्या 'का'साठी तिला पुस्तकात चार प्रकरणं मागे जावं लागे. पौर्णिमाला गणिताची भीती नव्हती. तिला भीती होती चार लोकांसमोर बसून लिहायची. पंचवीस वर्षांत तिने परीक्षेचा कागद हातात धरला नव्हता. संध्याकाळी केंद्रावर आता तानाजी जाऊ लागला. पहिल्याच दिवशी त्याने दोघांच्या फॅटचे आकडे उलटसुलट सांगितले आणि रांगेतल्या बायकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी तो परत गेला.

जुलैच्या मध्यावर दोनशे बाकांच्या रिकाम्या हॉलमध्ये दोघींना दूर दूर बसवलं. एक पर्यवेक्षक, दोन परीक्षार्थी, छतावर त्यांचे हात टिपणारा कॅमेरा. पेपर दोन दिवसांचा, रोज तीन तास.

शर्वरीने पहिले चार प्रश्न सोडवले आणि मान वर केली. आई पेन्सिल हातात धरून कागदाकडे नुसती बघत होती. हात थरथरत होता. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. बोलायला बंदी होती. उठून तिच्याजवळ जावं, पाणी तरी द्यावं, असं शर्वरीला फार वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की आपण थांबलो तर आपलाही नमुना बिघडतोय. तिने दात आवळून मान खाली घातली आणि पाचवा प्रश्न वाचला. सहावा सोडवत असताना हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून पेन्सिल घासल्याचा आवाज आला. तो मग वेळ संपेपर्यंत थांबला नाही.

नऊ दिवसांनी डॉक्टर मुजावर यांनी तिघांना बोलावलं.

"अकरा हजार तीनशे नोंदी होत्या," त्या म्हणाल्या. "चाळीस सोडून सगळ्या वेगळ्या झाल्या. तुमचा दावा खरा आहे. बोर्डाने वर्ष बाद केलेलं नाही, पण पाटी सुरक्षित ठेवली नाही ही नोंद शर्वरीच्या फाईलवर कायम राहील."

"राहू दे," शर्वरी म्हणाली. "खरीच आहे."

"तुझे एकोणनव्वद."

तानाजीने डोळे मिटले. शर्वरीने मात्र लगेच विचारलं, "कुठे मिळेल?"

"पहिल्या दोन फेऱ्या होऊन गेल्यात. पुण्या-सांगलीकडे कॉम्प्युटरची जागा उरलेली नाही. नांदेडला एक आहे. उद्या सकाळपर्यंत सांगावं लागेल."

"आत्ताच सांगते. घेतली."

डॉक्टरांनी दुसरा कागद पौर्णिमापुढे सरकवला. त्यावर त्रेसष्ट असा आकडा होता. "हे तुमचं. प्रतिमानाला वयाची अट नाही. ज्याचे गुण साठच्या वर असतील त्याला स्वतःच्या नावाने पाटी मागता येते आणि डिप्लोमाच्या पात्रता चाचणीला बसता येतं. अजून पुष्कळ शिकायचं राहिलंय तुमचं, हे मी आधीच सांगते."

पौर्णिमाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तिच्या कपाळावर आठी पडली.

"मॅडम, हिचे एकोणनव्वद, माझे त्रेसष्ट. मिसळल्यावर मधलं काहीतरी यायला पाहिजे होतं. चोपन्न कसे आले? ते तर दोघींच्याही खाली आहेत."

 डॉक्टर मुजावर हळूहळू हसल्या, पण ते हसू लगेच मावळलं.

"कारण प्रतिमान धरूनच चालतं की पाटीवर एकच माणूस आहे. संध्याकाळी हिला आलेलं दुसऱ्या दुपारी तुम्हाला येत नव्हतं. त्याला वाटलं, ही रोज शिकते आणि रोज विसरते. विसरण्याचे गुण त्याने रोज कापले." त्या थांबल्या. "हा प्रश्न आमच्या समितीत कुणी विचारला नाही. राज्यात यंदा नऊ हजार मुलांना 'आकलन अस्थिर' असा शेरा मिळालाय. त्यांच्यातले किती जण पाटीवर खरंच एकटे होते, ते आता शोधायला लागेल." आणि त्यांनी तिथेच, तिघांसमोर, बोर्डाला फोन लावला.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी शर्वरीची नांदेडची गाडी सकाळी सात वाजता होती. पौर्णिमाची डिप्लोमाची चाचणी त्याच दिवशी दहाला सांगलीत होती. ती आदल्या दिवसापासून म्हणत होती, की चाचणी पुढच्या महिन्यात देते, तुला सोडायला नांदेडपर्यंत येते.

"आलीस तर मी गाडीत बसणार नाही," शर्वरीने सांगून टाकलं.

स्टँडवर सांगलीची गाडी आधी लागली. पौर्णिमाने लेकीच्या बॅगेची चेन एकदा उघडून पुन्हा लावली, डबा कुठे ठेवलाय ते परत सांगितलं. तानाजीने बायकोच्या हातात पाण्याची बाटली दिली. तो शर्वरीबरोबर नांदेडला जाणार होता.

"पोचल्यावर फोन कर," पौर्णिमा म्हणाली.

"तू पेपर झाल्यावर कर. आधी तूच करशील."

"हात थरथरला तर?"

"थरथरू दे. लिहीत राहा."

कंडक्टरने घंटी दिली. पौर्णिमा चढली आणि खिडकीशी बसली. गाडी वळून बाहेर पडेपर्यंत शर्वरी हात हलवत होती. आईने एकदा हात वर केला, मग पिशवीतून सरावाचे कागद काढले आणि मान खाली घालून वाचायला लागली.